राखीव क्वार्टरबॅकचे आठ आठवडे

११ डिसेंबर २०१७, सोमवारची सकाळ. कंपनीच्या कामासाठी मी तेव्हा काही महिने अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात राहत होतो. सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी आदल्या दिवशीच्या फुटबॉल सामन्याची उजळणी चालायची. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चालते तशीच. त्या दिवशी गर्दी नेहमीइतकीच होती, पण कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, त्यांचा संघ हरला असणार. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "नाही, जिंकलो. पण कार्सन गेला."

क्षणभर मी दचकलो. मग कळलं, की फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता आणि त्याचा हंगाम तिथेच संपला होता. मी भाबडेपणानं विचारलं, "मग त्याच्या जागी दुसरा कोणी असेलच ना?" सहकाऱ्यानं खांदे उडवले. "आहे. निक फोल्स."

फोल्सबद्दल त्या सकाळी कोणी वाईट बोललं नाही, कारण त्याच्याबद्दल कोणी बोललंच नाही. हंगाम संपल्यासारखाच होता. पुढच्या आठ आठवड्यांत जे घडलं त्यामुळे मला त्या खेळाची गोडी लागली. त्याहून जास्त म्हणजे, 'राखीव' या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. ही गोष्ट त्या आठ आठवड्यांची.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा पाहिला की वाटतं, माणसं एकमेकांवर आदळतात आणि मग उभी राहून गप्पा मारतात. प्रत्यक्षात तो बराचसा बुद्धिबळासारखा आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. तेवढं साधलं की पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात. असं करत करत चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. तिथवर पोचता आलं नाही, तर लाथ मारून चेंडू दोन उंच खांबांच्या मधून पाठवायचा, त्याचे तीन गुण.

हे सगळं ज्याच्या हातून सुरू होतं तो क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल सुरू झाली की चेंडू त्याच्याकडे येतो. तो कोणाच्या हातात द्यायचा की लांब फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, आणि त्याच वेळी समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावत येत असतात. कर्णधार, सलामीचा फलंदाज आणि यष्टीरक्षक या तिघांची जबाबदारी एकाच माणसावर टाकली तर काय होईल, अशी कल्पना करा.

मैदानावर एका वेळी क्वार्टरबॅक एकच. दुसरा सीमारेषेबाहेर उभा. बाकीच्या जागांवर राखीव खेळाडूला अधूनमधून खेळायला मिळतं, कारण मुख्य खेळाडू दमतो. क्वार्टरबॅक दमला म्हणून बदलत नाहीत. क्रिकेटमधल्या दुसऱ्या यष्टीरक्षकासारखंच हे. महेंद्रसिंग धोनीच्या काळात पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक यांनी किती वर्षं वाट पाहिली ते आपण पाहिलंय. २०१६ साली वृद्धिमान साहा जखमी झाला, तेव्हा पार्थिवला आठ वर्षांनी कसोटी सामना मिळाला.

सरावातही तेच. बहुतेक सराव मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातो. राखीव क्वार्टरबॅकला बऱ्याचदा पुढच्या प्रतिस्पर्धी संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करावी लागते, म्हणजे आपल्या बचावफळीला सराव मिळेल. आठवडाभर दुसऱ्याची नक्कल करायची, रविवारी कानात यंत्र घालून उभं राहायचं, आणि तरीही कोणत्याही क्षणी स्वतः होऊन मैदानात उतरायची तयारी ठेवायची, असं हे काम.

फोल्स कोण होता?

निक फोल्स काही नवखा नव्हता. टेक्ससमधल्या ऑस्टिनचा हा मुलगा २०१२ साली ईगल्सनंच निवडला होता, पण तिसऱ्या फेरीत, ८८व्या क्रमांकावर. २०१३ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक मायकेल व्हिक जखमी झाला आणि फोल्सला संधी मिळाली. त्या हंगामात त्यानं २७ टचडाउन पास फेकले आणि फक्त दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. ऑकलंड रेडर्सविरुद्धच्या एका सामन्यात तर त्यानं ७ टचडाउन पास फेकून विक्रमाची बरोबरी केली. सगळ्यांना वाटलं, फिलाडेल्फियाला पुढच्या दहा वर्षांचा क्वार्टरबॅक मिळाला.

पुढच्याच वर्षी त्याच्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं. २०१५ मध्ये ईगल्सनं त्याला सेंट लुईस रॅम्स संघाला देऊन त्या बदल्यात सॅम ब्रॅडफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला. रॅम्समध्ये फोल्सचा खेळ घसरला आणि त्याची जागा केस कीनमला मिळाली. २०१६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला गेले आणि त्यांनी निवड प्रक्रियेत अगदी पहिल्या क्रमांकावर जॅरेड गॉफ हा तरुण क्वार्टरबॅक घेतला. फोल्सला संघातून मोकळं करण्यात आलं.

तेव्हा त्याचं वय होतं २७. खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात गंभीरपणे आलं होतं. त्याला पहिल्यांदा निवडणारे प्रशिक्षक अँडी रीड तेव्हा कॅन्सस सिटीत होते. त्यांनी बोलावलं म्हणून तो तिथे राखीव म्हणून गेला, आणि २०१७ मध्ये पुन्हा फिलाडेल्फियाला आला, तोही राखीव म्हणूनच. ज्या शहरानं कधीकाळी त्याला डोक्यावर घेतलं होतं, तिथे आता वेन्ट्झची चलती होती. वेन्ट्झ त्याच्याहून जवळजवळ चार वर्षांनी लहान. निवड प्रक्रियेत दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला, आणि त्या हंगामात १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास फेकणारा. हा ईगल्सचा संघविक्रम होता.

तीन सामने, तीन वेगळे फोल्स

१० डिसेंबरचा सामना लॉस एंजेलिसमध्ये होता आणि समोर संघ होता रॅम्स, फोल्सला मोकळं करणारा. वेन्ट्झ टचडाउनसाठी झेपावला, दोन खेळाडूंच्या मध्ये सापडला आणि गुडघा गेला. पंचांनी नियमभंगामुळे ते टचडाउनही रद्द केलं. कमाल अशी, की फाटलेल्या अस्थिबंधानिशी वेन्ट्झ आणखी काही चाली खेळला, एक टचडाउन पास फेकला आणि मगच बाहेर गेला.

फोल्स आत आला तेव्हा सामना अटीतटीचा होता. त्यानं १० पैकी ६ पास पूर्ण केले, मिळून ४२ यार्ड. आकडा अगदीच किरकोळ. पण शेवटी आघाडी टिकवण्यासाठी एक पास नेमक्या जागी जाणं गरजेचं होतं. तो त्यानं नेल्सन अगोलोरकडे ९ यार्डांवर अचूक फेकला. ईगल्स ४३-३५ असे जिंकले.

पुढच्या रविवारी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध फोल्सनं ४ टचडाउन पास फेकले. ईगल्स ३४-२९ नं जिंकले. ऑफिसात पुन्हा आवाज सुरू झाले. मग नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध तोच माणूस चाचपडत खेळला. ३८ पैकी फक्त १९ पास पूर्ण, १६३ यार्ड. बचावफळीनं सामना ओढून नेला, शेवटच्या मिनिटात जेक एलियटनं ४८ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पाठवला आणि ईगल्स १९-१० नं जिंकले. ३१ डिसेंबरला डॅलस काउबॉइजविरुद्ध ईगल्सचं खातंच उघडलं नाही. निकाल ०-६. फोल्सचे ११ पैकी ४ पास पूर्ण, ३९ यार्ड, एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात. गटातलं पहिलं स्थान आधीच पक्कं झालं होतं आणि संघानं मुख्य खेळाडूंना विश्रांती द्यायला सुरुवात केली होती हे खरं. तरी ३९ यार्ड म्हणजे ३९ यार्डच.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कॉफी मशीनपाशी एकच सूर होता, "बिचारा प्रयत्न करतोय." मला ते वाक्य टोचलं. राखीव माणसाला शिव्या पडत नाहीत, पण त्याच्याकडून अपेक्षाही ठेवल्या जात नाहीत. या दोन्हीतलं काय जास्त जिव्हारी लागतं, कोण जाणे.

मधला आठवडा

माझ्या मते खरी गोष्ट घडली ती जानेवारीच्या सुरुवातीला, सामना नसलेल्या आठवड्यात. गटात पहिले आल्यामुळे ईगल्सना बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात खेळावं लागणार नव्हतं. तो वेळ प्रशिक्षकांना मिळाला.

मुख्य प्रशिक्षक होते डग पीडरसन. त्यांची स्वतःची कारकीर्द बहुतांशी राखीव क्वार्टरबॅक म्हणून गेली होती. ग्रीन बेमध्ये ते अनेक वर्षं ब्रेट फाव्र या दिग्गजाच्या मागे उभे होते. १९९९ मध्ये ईगल्सनं त्यांना मुख्य क्वार्टरबॅक केलं, ते डोनोव्हन मॅकनॅब हा नवा मुलगा तयार होईपर्यंत. नऊ सामन्यांनंतर जागा मॅकनॅबकडे गेली. त्यांचे आक्रमणाचे प्रशिक्षक फ्रँक राइक. तेही एकेकाळी बफलो बिल्समध्ये जिम केली या मोठ्या खेळाडूचे राखीव. जानेवारी १९९३ मध्ये केली जखमी असताना राइक बाद फेरीच्या सामन्यात उतरले, संघ ३-३५ असा मागे पडला, आणि तिथून त्यांनी तो सामना जादा वेळेत ४१-३८ असा जिंकून दिला. एवढी मोठी पिछाडी भरून काढण्याचा तो विक्रम पुढे जवळजवळ तीस वर्षं टिकला.

राखीव असणं म्हणजे काय हे या दोघांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांनी फोल्सला वेन्ट्झसारखा खेळ असं सांगितलं नाही. त्यांनी फोल्सचे जुने सामने पुन्हा पाहिले. तो चांगला खेळतो तेव्हा नेमकं काय करतो, कोणत्या चाली त्याला सहज जमतात, हे शोधलं आणि योजना त्याच्याभोवती बेतली.

दोघांमधला फरक असा. वेन्ट्झ चपळ. चाल फसली तरी पळत सुटून काहीतरी नवं घडवणारा. फोल्स साडेसहा फूट उंच, पळण्यात मंद, पण नजर आणि वेळ पक्की असेल तर अचूक. त्याच्यासाठी त्यांनी एका प्रकारच्या चालींवर भर दिला. त्यात चेंडू हातात आला की क्वार्टरबॅक तो शेजारच्या धावपटूच्या पोटाशी धरतो आणि समोरच्या एकाच बचावपटूकडे पाहतो. तो बचावपटू धावपटूकडे झेपावला, तर चेंडू काढून घेऊन त्यानं रिकाम्या केलेल्या जागेत फेकायचा. तो जागेवर थांबला, तर चेंडू धावपटूला देऊन टाकायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर एका अटीवर चालणारा छोटासा प्रोग्राम. निर्णय एकच, माहिती एकच, पण ती क्षणात वाचता आली पाहिजे. फोल्सला ती वाचता यायची.

कुत्र्याचे मुखवटे

१३ जानेवारीला समोर आले अटलांटा फाल्कन्स. ईगल्स अव्वल मानांकित, सामना त्यांच्या घरच्या मैदानावर, तरी सट्टेबाजांच्या अंदाजात फाल्कन्स वरचढ होते. कारण एकच, फोल्स. मध्यंतराला ईगल्स ९-१० असे मागे होते, आणि ते नऊही नशिबाच्या हातभारानं झाले होते. फोल्सचा एक पास चक्क प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर आपटून उडाला आणि टोरी स्मिथच्या हातात विसावला. पण दुसऱ्या सत्रात त्याची लय सापडली. ३० पैकी २३ पास पूर्ण, २४६ यार्ड, टचडाउन पास एकही नाही, पण चूकही एकही नाही. शेवटच्या मिनिटाला फाल्कन्स टचडाउनच्या दोन यार्डांवर येऊन ठेपले होते. त्यांचा चौथा प्रयत्न फसला. १५-१०. सामन्यानंतर ईगल्सचे लेन जॉन्सन आणि क्रिस लाँग कुत्र्याचे मुखवटे घालून मैदानात फिरले. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या बाजूला इंग्रजीत जो शब्द आहे त्यात कुत्रा येतो, त्यावरची ही कोटी. पुढच्या आठवड्यात शहरभर तेच मुखवटे दिसत होते.

२१ जानेवारीला मिनेसोटा व्हायकिंग्स. त्या हंगामातली सर्वांत भक्कम बचावफळी त्यांची. त्यांचा क्वार्टरबॅक कोण? केस कीनम, रॅम्समध्ये फोल्सची जागा घेणारा. तोही व्हायकिंग्समध्ये राखीवच होता. ज्याच्या दुखापतीमुळे तो मुख्य झाला, तो सॅम ब्रॅडफर्ड. म्हणजे फोल्सच्या बदल्यात ईगल्सनं घेतलेला तोच ब्रॅडफर्ड. वेन्ट्झसाठी जागा करताना ईगल्सनं त्याला २०१६ मध्ये व्हायकिंग्सकडे पाठवलं होतं. दोन राखीव क्वार्टरबॅक अंतिम फेरीच्या दारात एकमेकांसमोर उभे होते.

पहिले सात गुण व्हायकिंग्सचे. त्यानंतरचे सगळे ३८ ईगल्सचे. फोल्सनं ३३ पैकी २६ पास पूर्ण केले, ३५२ यार्ड, ३ टचडाउन. त्यातला एक ५३ यार्डांचा, एक ४१ यार्डांचा. तीन आठवड्यांपूर्वीच्या ३९ यार्डांशी ताडून पाहा. माणूस तोच, हातही तोच.

त्या रात्री फिलाडेल्फियात लोकांनी विजेच्या खांबांवर चढू नये म्हणून पोलिसांनी खांबांना ग्रीस फासलं होतं. लोक तरी चढलेच.

चौथा प्रयत्न, एक यार्ड

सुपर बोल म्हणजे अंतिम सामना. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस. समोर न्यू इंग्लंड पॅट्रियट्स आणि टॉम ब्रेडी, तोवर पाच वेळा हा चषक जिंकलेला. ईगल्सनं तो एकदाही जिंकला नव्हता. त्यांचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९६० सालचं, सुपर बोल सुरू होण्याच्याही आधीचं. फिलाडेल्फियात आजोबांनी पाहिलेलं, वडिलांनी फक्त ऐकलेलं आणि नातवानं वाट पाहिलेलं असं ते विजेतेपद होतं.

मी एका सहकाऱ्याच्या घरी सामना पाहत होतो. मध्यंतराआधी ईगल्स १५-१२ नं पुढे होते. पॅट्रियट्सनं थोड्या वेळापूर्वी एक फसवी चाल रचून चेंडू ब्रेडीकडेच फेकला होता आणि तो त्याच्या हातून निसटला होता. आता ईगल्स टचडाउनपासून एक यार्डावर, चौथा प्रयत्न, मध्यंतराला ३८ सेकंद बाकी. सुरक्षित मार्ग म्हणजे लाथ मारून तीन गुण घेणं. फोल्स सीमारेषेपाशी पीडरसनकडे गेला आणि त्यानंच एका खास चालीचं नाव सुचवलं. पीडरसननी क्षणभर विचार केला आणि होकार दिला.

ती चाल अशी: फोल्स बाजूला सरकतो, जणू साथीदारांना काही सांगायला चाललाय. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे जातो. तो पळता पळता तो ट्रे बर्टनकडे सोपवतो. बर्टन तो फेकतो, आणि टोकाच्या पट्ट्यात एकटा उभा असलेला फोल्स झेलतो. ज्या खेळात क्वार्टरबॅक फेकतो आणि बाकीचे झेलतात, तिथे क्वार्टरबॅकनंच झेल घेतला. क्लेमेंट आणि बर्टन दोघांनाही निवड प्रक्रियेत कोणत्याही संघानं निवडलं नव्हतं. बर्टन महाविद्यालयात असताना मात्र क्वार्टरबॅक म्हणून खेळला होता. त्या फेकीमागे त्याची जुनी तयारी होती. २२-१२.

दुसऱ्या सत्रात ब्रेडीनं आपलं काम केलंच. त्या रात्री तो ५०५ यार्ड फेकून गेला. शेवटची सव्वानऊ मिनिटं उरली असताना पॅट्रियट्स ३३-३२ असे पुढे गेले. खोलीत पुन्हा डिसेंबरच्या त्या सोमवारची शांतता पसरली. मग फोल्सनं चेंडू हळूहळू पुढे नेला. मध्ये एकदा चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता, स्वतःच्याच अर्ध्या मैदानात. तो फसला असता तर सामना जवळजवळ संपला असता. त्यानं झॅक अर्ट्झला दोन यार्डांचा छोटा पास दिला. चौदाव्या चालीला, २ मिनिटं २१ सेकंद बाकी असताना, ११ यार्डांवरून पुन्हा अर्ट्झ, आणि टचडाउन.

तरी ब्रेडीला दोन मिनिटं पुरेशी असतात. ब्रँडन ग्रॅहमनं त्याच्या हातातला चेंडूच उडवला आणि तो डेरेक बार्नेटनं उचलला. या बार्नेटला ईगल्सनं कसं मिळवलं होतं? ब्रॅडफर्डला व्हायकिंग्सकडे पाठवून जो निवडीचा हक्क मिळाला, त्यातून. आणि ब्रॅडफर्ड आला होता फोल्सच्या बदल्यात. संघाबाहेर टाकलेल्या फोल्सची किंमत फिरत फिरत त्याच मैदानात येऊन पोचली होती.

४१-३३. फोल्स ४३ पैकी २८ पास, ३७३ यार्ड, ३ टचडाउन फेकलेले आणि एक झेललेलं. सुपर बोलमध्ये टचडाउन पास फेकणारा आणि झेलणारा तो पहिलाच खेळाडू. सामनावीरही तोच.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो अपयशाबद्दल बोलला. समाजमाध्यमांवर आपण प्रत्येकाच्या आयुष्यातले निवडक क्षण पाहतो आणि आपलं रोजचं आयुष्य त्याच्याशी ताडतो, पण पडणं हाही माणूस घडण्याचाच भाग आहे, असा त्याच्या बोलण्याचा सारांश. २०१६ मध्ये खेळ सोडायला निघालेल्या माणसानं ते म्हटलं, म्हणून त्याला वजन होतं.

त्यानंतर

इथे थांबलो तर गोष्ट परीकथा होईल. ती नाही. पुढच्या हंगामात वेन्ट्झ बरा झाला आणि जागा त्याची त्याला मिळाली. फोल्स तक्रार न करता पुन्हा सीमारेषेबाहेर उभा राहिला. त्या डिसेंबरात वेन्ट्झ पुन्हा जखमी झाला, फोल्स पुन्हा आला, ह्यूस्टनविरुद्ध ४७१ यार्डांचा संघविक्रम केला आणि संघाला बाद फेरीत नेऊन एक सामना जिंकून दिला. २०१९ मध्ये जॅक्सनव्हिलनं त्याला चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर्सच्या करारावर मुख्य क्वार्टरबॅक म्हणून घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्याची जागा एका नवख्या राखीव खेळाडूनं घेतली. शिकागो आणि इंडियानापोलिसमध्येही त्याला पुन्हा ते सूर सापडले नाहीत. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, आणि तो ईगल्सचा खेळाडू म्हणून. फिलाडेल्फियातल्या स्टेडियमबाहेर त्याचा आणि पीडरसन यांचा पुतळा आहे. त्यात फोल्स चषक उंचावत नाही. तो प्रशिक्षकाला त्या चालीबद्दल विचारतोय.

त्या पुतळ्यासाठी निवडलेला क्षण मला फार योग्य वाटतो. फोल्सच्या आठ आठवड्यांचं श्रेय एकट्या फोल्सला देता येत नाही, आणि एकट्या पीडरसनना तर नाहीच. ते दोघांमधल्या त्या छोट्या संवादात आहे. एकानं विचारण्याची हिंमत केली, आणि दुसऱ्यानं ऐकून घेतलं.

माझ्या कामात राखीव सर्व्हर नावाचा प्रकार असतो. मुख्य बंद पडला की दुसऱ्यानं काम उचलायचं. एकदा आमचा मुख्य सर्व्हर बंद पडला आणि राखीव सुरू झाला तो वर्षभरापूर्वीच्या सेटिंग घेऊन. त्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी दोष त्या सर्व्हरला दिला. फोल्स पाहिल्यानंतर मला वाटायला लागलं, की चूक आमची होती. राखीव ठेवलंय म्हणजे काळजी मिटली असं आपण धरून चालतो. त्याची तयारी करून घेणं, वेळ आली की त्याला झेपेल तसं काम आखून देणं, हे आपलं काम असतं.

आपल्या घरांतही अशी दुसरी माणसं असतात. प्रतीक्षायादीवर राहिलेला मुलगा, मोठ्या बहिणीच्या सावलीतली धाकटी, संघात नेहमी बारावी असणारी भाची. त्यांना 'तुझीही वेळ येईल' असं आपण सांगतो, आणि तिथेच थांबतो. वेळ खरंच येते की नाही, ते आपल्या हातात नाही. फोल्सच्या वाट्याला ती एका माणसाच्या फाटलेल्या गुडघ्यामुळे आली. पण ती येईल तेव्हा 'अमक्यासारखं कर' म्हणायचं की 'तुला काय जमतं ते दाखव' म्हणायचं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

५ फेब्रुवारीच्या सोमवारी ऑफिसात निम्मे लोक आलेच नव्हते. जे आले त्यांचे आवाज बसले होते. माझा तो सहकारी कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आला. डिसेंबरमध्ये खांदे उडवून उत्तर दिलेलं त्याला आठवत असावं. मी काही बोललो नाही. तोच हळूच म्हणाला, "आहे. निक फोल्स."